इन्यासचे गाळाचे तळे

न्यू कॅलेडोनियातल्या निकेलच्या खाणीवर इन्यासने बावीस वर्षे एकच काम केले. डोंगरावरून येणारे लाल पाणी तळ्यात अडवायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळ तेवढेच नदीत सोडायचे. नदीच्या मुखाशी त्याच्या मामांची वस्ती होती, आणि तिथल्या मूळच्या कनाक माणसाला मामांपेक्षा मोठे कोणी नसते.

त्या वर्षी तळे गाळाने अर्धे भरले. उपसायला यंत्र द्या, असे त्याने साहेबाला दोनदा सांगितले. "आधी निकेलचं जहाज भरू दे, मग बघू," एवढेच उत्तर मिळाले. मग वादळ आले. तळ्याचा बांध फुटला असता तर वस्तीच वाहून गेली असती, म्हणून इन्यासने स्वतःच्या हाताने झडप उघडली आणि गाळासकट पाणी नदीत सोडले.

पाऊस ओसरल्यावर तो कापड आणि तंबाखू घेऊन मामांकडे गेला. माफी मागायच्या रिवाजाप्रमाणे ते चटईवर ठेवून मान खाली घालून बसला; मामांनी ते उचलले, की माफी मिळाली.

"मामा, चुकलो. पण बांध गेला असता."

"बांध वाचवलास, शहाण्या. आमच्या खेकड्यांचं खाजण चिखलाखाली गेलं. तळं भरलंय हे कधी कळलं तुला?"

"महिन्यापूर्वी. साहेबाला दोनदा सांगितलं."

"आणि आम्हाला? अख्खी वस्ती फावडी घेऊन आली असती रे!"

खाणीतली गोष्ट बाहेर बोलायची नाही, ही शिस्त इन्यासच्या इतकी अंगवळणी पडली होती, की मामांना सांगावे हे त्याच्या मनातच आले नव्हते.

मामांनी कापडाला हात लावला नाही. ते उठून आत गेले. इन्यास बसून राहिला. कापड परत उचलण्याचे धैर्य त्याला झाले नाही.