सातव्या जंपवरची तार

१९९८ च्या डिसेंबरात, कॅम्पच्या नवव्या दिवशी, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, येडगाव धरणाच्या काठच्या माळावर लान्स दफादार बबन खरात घोड्याखाली सापडला. आठ वीसला, नारायणगावच्या वाटेवर, अॅम्ब्युलन्समध्ये तो वारला. वय सव्वीस. गाव वारूळवाडी, म्हणजे पडला तिथून मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या आत.

चौकशी अहवालात कारण दोन शब्दांत दिलं आहे: स्वाराची चूक. मी तेव्हा दफादार, म्हणजे घोडदळातला हवालदार, होतो आणि घटनेच्या वेळी त्याच्यापासून चाळीस पावलांवर होतो. खाली लिहिलं आहे ते मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

आमचं युनिट घोड्यांचं. लढाईत आता घोडे जात नाहीत. परेड आणि स्पर्धांसाठी ते तयार केले जातात. त्या हिवाळ्यात क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे उघड्या माळावर अडथळ्यांवरून घोडा काढण्याच्या, सरावासाठी दोन आठवड्यांचा कॅम्प येडगावला लागला. मी शिनोलीचा, बबन वारूळवाडीचा. युनिटमध्ये या भागातले आम्ही दोघंच. पहाटे पाचला उठणं, सव्वापाचला घोड्यांना दाणा, साडेसहाला खोगीर. माळावर अकरा जंप उभे केले होते: आडवे ओंडके, मातीचे बांध, आणि सातव्या जागी खंदक. खंदकावर जमिनीपासून तीन फुटांवर एक आडवं लाकूड.

जामून हा साडेचार वर्षांचा काळपट घोडा बबनकडे होता. मैदानात दोन महिने खांबांवरून उड्या झाल्या होत्या, उघड्या माळावर एकही नाही. अशा घोड्याची पहिली क्रॉस-कंट्री कशी करायची हे ठरलेलं असतं. पुढे जुना, शांत घोडा. त्याच्या मागे नवा. जंप बुटके आणि लाकूड सैल ठेवलेलं, म्हणजे पाय लागला तर लाकूड पडेल, घोडा नाही. दोनदा अडला तर तिसऱ्यांदा तिथे घालायचं नाही. लहान जंपवरून काढून दिवस संपवायचा. युनिटमध्ये हे लेखी होतं.

बबनला ते वाचायची गरज नव्हती. भरती होण्याआधी तो जत्रांमध्ये बैलगाड्यापुढे घोडी पळवायचा. आमच्याकडे शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात. घाटात बैलांच्या पुढे घोडी असते आणि बैल तिच्या मागे धावतात. घोडीवरचा माणूस मधूनमधून मागे बघून अंतर राखतो.

"बैल काय चाबकानं पळतो व्हय?" तो रंगरुटांना सांगायचा. "म्होरं कुणीतरी पळतंय म्हणून पळतो. घोड्याचं बी तसंच."

आठव्या दिवशी दुपारी त्याचे वडील कॅम्पवर आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी जामूनभोवती एक फेरी मारली.

"लई उंच हाय राव. घाटात पळंल का?"

"तात्या, सरकारी घोडं हाय. घाटात न्यायला साहेबाची चिठ्ठी लागंल."

"मग बैलांना इचारून बघतो, चिठ्ठीवाल्या घोड्यामागं पळत्यात का."

माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, ह्याला पाडू नका बरं." घोड्याला की पोराला, ते सांगितलं नाही. हसत होते.

त्याच संध्याकाळी पाचला कॅम्पचे कॅप्टन सातव्या जंपवर आले. दिवसभरात तिथलं लाकूड तीनदा पडलं होतं.

"कल बड़े साहब आ रहे हैं. यह लकड़ी गिरनी नहीं चाहिए. बाँध दो."

दोन जवानांनी लाकूड दोन्ही टोकांना तारेने आवळलं. तार मी बांधली नाही. बांधताना पाहिली.

"भाऊ, ही तार कशाला?" बबनने विचारलं.

"मोठे घोडे मारतील तो जंप. उद्या जामूनला चारच जंप आहेत. आपण इथवर यायचंच नाही."

नवव्या दिवसाचा प्लॅन तसाच होता. चार जंप, पुढे मी, मैना नावाच्या चौदा वर्षांच्या घोडीवर. सात पंचवीसला कॅप्टननी तो बदलला. मोठे साहेब आणि बरोबरचे पाहुणे आठऐवजी सव्वासातलाच आले होते. जामून एकटा जाईल आणि पूर्ण कोर्स करेल. मी सेफ्टीला, म्हणजे कोणी पडलं तर मदतीला, मैनावर वायरलेस सेट घेऊन मागे.

मी म्हणालो, "सर, घोड़ा अकेला कभी गया नहीं."

"दफादार, मैंने पूछा नहीं."

बबन बाजूलाच उभा होता. तो "सर" म्हणाला आणि रिकिबीत पाय घातला.

सात चव्वेचाळीसला जामून सुटला. पहिल्या ओंडक्यापाशी जवळजवळ थांबला आणि जागच्या जागी उडी मारून पलीकडे गेला. टेकाडावरचे पाहुणे हसले. दुसरा बरा झाला. चौथ्याला त्याचे कान पुढे होते आणि बबनने मानेवर थाप मारली. पाचवा, सहावा साफ. नव्या घोड्याने याहून जास्त करायचं नसतं.

खंदकाशी तो अडला. बबनने वळवून पुन्हा आणला, पुन्हा अडला. या वेळी चारही पाय रोवून, थरथरत. बबनने घोडा उभा केला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मैनाला म्होरं घ्या. मागनं येतंय बघा हे."

मी सेटवर कॅप्टनना विचारलं. "कंट्रोल, यह दो नंबर. घोड़ा दो बार रुका. लीड देने की इजाजत. ओव्हर."

"दो नंबर, निगेटिव्ह. अपनी जगह पर रहो. तीसरी बार डालो. आउट."

"बबन, ऑर्डर आहे. पुन्हा घाल." हे वाक्य मी बोललो.

"तिथं तार हाय, भाऊ."

तो वळला, वीस पावलं मागे आला आणि घोडा सोडला. या वेळी त्याने मागे पाहिलं नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो. जामून उडाला, पण उशिरा. पुढचे गुडघे लाकडाला लागले. लाकूड पडलं नाही. घोडा लाकडावरून उलटा होऊन पाठीवर पडला, बबन त्याच्या खाली. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. "घोडं उठवा" म्हणाला. त्यानंतर बोलला नाही. जामूनचा पुढचा पाय मोडला होता. नऊ दहाला घोड्यांच्या डॉक्टरांनी त्याला गोळी घातली.

दुपारी चारला मी सातव्या जंपवर गेलो. तार नव्हती. लाकडावर तिचे वळ होते. चौकशीचे अधिकारी तिसऱ्या दिवशी आले. तोवर लाकूडही बदललं होतं.

चौकशीत मला विचारलं, खरातने मागे पाहिलं का? मी म्हणालो, हो, दुसऱ्यांदा अडल्यावर, घोडा उभा असताना. टाइप झालं ते एवढंच: हो. तारेबद्दल मी सांगितलं, वायरलेसबद्दल सांगितलं. कागदावर दोन्ही नव्हतं. मी वाचून सही केली. अहवालात आलं की गावच्या शर्यतीतल्या सवयीने स्वाराने मागे पाहिलं आणि त्याचा तोल गेला. कॅप्टन पुढच्या वर्षी मेजर झाले.

मी २००३ मध्ये निवृत्त होऊन शिनोलीला आलो. पुढच्या वर्षी वारूळवाडीला गेलो. त्याआधी पाच वर्षं गेलो नव्हतो. तात्यांनी पाणी दिलं आणि एकच विचारलं.

"त्यानं मागं बघितलं म्हून पडला, असं कागद आलाय. त्यो घाटात कधी पडला न्हाई. खरं काय ते सांगा."

मी सगळं सांगितलं. वेळा सांगितल्या. तार सांगितली. माझं वाक्यही सांगितलं. तात्या म्हणाले,

"तुमी व्हता तिथं. म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

"होतं."

"मग लिहून द्या."

मी दोन पानं लिहिली, दोन प्रती काढल्या, दोन्हींवर सही केली. एक मुख्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही. दुसरी तात्यांना दिली. ती त्यांनी डिसेंबरात, बबनच्या तिथीला, मंडपात माझ्या हातात दिली आणि सगळ्यांपुढे वाचायला सांगितली. मी उभा राहून वाचली. "पुन्हा घाल" हे शब्द आले तेही वाचले. वाचायला सहा मिनिटं लागली. चाळीसएक माणसं होती. तात्यांनी हात पुढे केला आणि कागद परत घेतला.