आक्कांनी कंपायलरला शिस्त लावली

आक्कांची उमर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. पन्नाशीनंतर त्या सी ही संगणकाची भाषा शिकल्या आणि ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या कार्यशाळेत लागल्या. यंत्राचा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. ऱ्हस्व-दीर्घावरून लेखकांशी भांडलेली बाई ती; प्रोग्रॅमही चोख हवा. म्हणून एका सकाळी त्यांनी कंपायलरला, म्हणजे आपलं लिखाण यंत्राला कळेल असं करून देणाऱ्याला, बजावलं: भाषेच्या प्रमाण नियमांबाहेरचं काही चालवून घ्यायचं नाही.

त्याने शब्दशः ऐकलं. ‘यूइंट’ हा प्रकार मला ठाऊक नाही, अशा तक्रारींनी पडदा भरून गेला. उणे नसलेल्या पूर्णांकाचं हे आटोपशीर नाव आक्का पहिल्यापासून वापरत होत्या. त्यांनी स्पेलिंग तपासलं, कंपायलर काढून पुन्हा बसवला, शेजारच्या मेकॅनिकला तारासुद्धा बघायला लावल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी यजमानांना फोन केला. ते चष्मे विकायचे; यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. गाऱ्हाणं संपेपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, “काल चालत होतं ना? मग आज तू काय केलंस?”

“काही नाही. जरा शिस्त लावली,” आक्का म्हणाल्या, आणि थबकल्या. मग इतक्या हसल्या की मेकॅनिकने मान वर केली.

डबा तसाच ठेवून त्यांनी संगणकाच्या सिस्टिमची हेडर फाइल, म्हणजे तिने आधीच ठरवून ठेवलेल्या नावांची यादी, उघडली. यूइंट तिथेच होता, पण एका अटीच्या आड. तो प्रमाण सीचा नव्हेच, सिस्टिमने पदरचा दिलेला; कडक मोड, म्हणजे सकाळची ती शिस्त, लावला की सिस्टिम तो झाकून ठेवते. मेकॅनिकचं म्हणणं, मोड सैल करा आणि मोकळ्या व्हा. आक्कांना ते पटेना. सिस्टिमशी थेट बोलणाऱ्या फाइलीत त्यांनी सगळ्यात वर, हेडरच्याही आधी, एक ओळ घातली: तुझ्या जास्तीच्या व्याख्या खुल्या कर. बाकी सगळीकडे लांबलचक प्रमाण नाव लिहिलं. शिस्तही राहिली, कामही झालं.

दुपारी यंत्र खडखडत सुरू झालं. पहिलं पान तपासायला बोटांनी वाचणाऱ्या वाचकबाई बसल्या. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण होतं. बोटं ओळींवरून सरकली, थांबली, मागे आली, आणि बाई खुदकन हसल्या.

“काय चुकलं?” आक्कांनी घाईने विचारलं.

“एक ठिपका चुकलेला नाही. खुनी कोण ते कळलं.”

“कोण?”

“पुस्तक वाचा की,” बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पानासाठी हात पुढे केला.