वितळलेल्या धातूची वाटणी

माझ्या मावशीवर अन्याय झाला. यंदाच्या धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायला थोडा वेळ असताना, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली, ती जिथे काम करायची ती गाळ्यांची बिल्डिंग पेटली आणि संध्याकाळच्या आत खाली बसली. हा पहिला अन्याय. दुसरा त्याच आठवड्यात झाला, मावशी अजून ढिगाऱ्याखाली असताना. आग तिनेच लावली असं ठरलं. पहिल्या मजल्यावर तिने डबा गरम करायला कॉइलची शेगडी लावली, शेगडीने पुठ्ठा पेटला, पुठ्ठ्याने थर्माकोल, आणि मग सगळंच. चौकशी अधिकाऱ्यांनी हे ‘प्राथमिक अंदाज’ म्हणून सांगितलं. कारखान्याच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या वकिलाने अंदाज हा शब्द गाळून सांगितलं. आमच्या सेक्टरमधल्या बायकांनी तर शेगडीचा रंगसुद्धा सांगितला.

मावशी आईची धाकटी बहीण. परभणीकडून दोघी एकत्र आल्या, चारकोपच्या एकाच खोलीत राहिल्या, आणि मावशीने लग्न केलं नाही म्हणून मला दोन आया मिळाल्या. ती स्विचबोर्डांना स्क्रू बसवायची. मी कॉलेजात असताना मोर्च्यांची पत्रकं वाटत फिरायचे तेव्हा आई ओरडायची आणि मावशी म्हणायची, वाटू दे गं, निदान पोरीला लिहिता तरी येतं. शेवटी तिच्यासाठीच लिहावं लागलं.

तो ढीग किती दिवस धुमसत होता ते मी मोजलं नाही. बंबवाले पाणी मारायचे, वाफ उठायची, वाटायचं विझला. मग जेसीबीने एक स्लॅब उचलला की खाली लाल. त्या लालमधून चांदीसारखं काहीतरी ओघळताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दोरीच्या अलीकडे उभं राहून पाहिलं, कारण पलीकडे आमची माणसं होती.

बाकीच्यांची सापडली. तीन घरांची सापडली नाहीत. म्हणजे ओळख पटेल असं काहीच सापडलं नाही. ज्या जागी त्यांचं टेबल वरच्या मजल्यासकट खाली येऊन पडलं होतं, तिथे एक थिजलेलं थारोळं मिळालं, परातीएवढं, कडेने लाटा उठलेलं. त्यात बांगडीची काच रुतली होती. ती काच कुणाची, ते तिन्ही घरांना एकाच वेळी कळलं. तिघांनीही ‘आमचीच’ म्हटलं.

आता जे झालं ते आमच्यासारख्या लोकांकडूनच होऊ शकतं. आम्ही भांडलो नाही. ढिगारा उपसणाऱ्या मुकादमाला हात जोडले, की दादा, दुसरं काहीच नाही हो आमच्याकडे, एवढं तरी द्या. त्याचेही डोळे भरले. त्याने घण घेतला आणि थारोळ्याचे तीन तुकडे केले. पंचनामा नाही, फोटो नाही, पिशवीवर शिक्का नाही. कोकणातल्या घरच्यांनी त्यांचा वाटा मार्व्याच्या खाडीत सोडला. गोराईच्या ख्रिस्ती कुटुंबाने लहान पेटीत ठेवून कबरस्तानात पुरला. आमचा, ज्यात काच आली तो, आईने पांढऱ्या कापडात गुंडाळून बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायला लागली.

एव्हाना त्या लाल ढिगाऱ्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, आणि मुंबईत प्रत्येकाला एक कारण सापडलं होतं. व्हॉट्सॲपवर बॉम्ब होता. घाटकोपरहून एक माईकवाला आला आणि मोबाइलसमोर सांगून गेला की लोखंड वितळलंय मित्रांनो, साध्या आगीत लोखंड वितळतं का, विचार करा. इस्टेटमधले म्हणाले केमिकल. शेठ म्हणाला पुठ्ठा आणि थर्माकोल. आम्ही मेलेल्यांच्या घरच्यांनी आणि माझ्या कॉलेजच्या पोरांनी मिळून केलेल्या समितीचं म्हणणं होतं भट्टी. तळमजल्याच्या मागच्या गाळ्यात भंगार ॲल्युमिनियम वितळवून पार्ट ओतायचे, हे इस्टेटच्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं. तिथूनच आग लागली आणि त्याच भट्टीवरचा स्लॅब आधी कोसळला. पत्रकाचा मथळा मी केला: पुठ्ठ्याच्या आगीत धातू वितळतो का?

बोरिवलीचे एक सर, इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवणारे, यांनी ते पत्रक वाचून आम्हाला घरी बोलावलं. चहा येण्याआधीच म्हणाले, “वितळतो.”

मला राग आला. त्यांनी शांतपणे समजावलं. लोखंड वितळलेलं नाही, ते नुसतं लाल झालं होतं. चांदीसारखं ओघळलं ते ॲल्युमिनियम, आणि त्याला साधी आग पुरते. खिडक्यांच्या फ्रेमा वितळतात, पार्टिशनं वितळतात. ढीग इतके दिवस लाल राहिला याचंही गूढ नाही. राखेखाली निखारा झाकून ठेवला की सकाळपर्यंत जिवंत राहतो. वरून सिमेंटचं पांघरूण, आत प्लॅस्टिक, फटीतून थोडी हवा. बॉम्ब नको, केमिकल नको आणि भट्टीही नको.

आई माझ्यासोबत होती. निखाऱ्याचं तिला चटकन पटलं. तिने विचारलं, मग शेगडीच का?

सर म्हणाले, उष्णता किती होती यावरून ते कळणारच नाही. सगळे चुकीचं भांडताय. धातू कुठला होता हे विचारा. खिडकीच्या फ्रेमेचं ॲल्युमिनियम वेगळं, त्यात सिलिकॉन नावापुरतं. भट्टीत ओतकामाला वापरतात त्यात भरपूर. शेठने चौकशीत लिहून दिलंय की तळमजल्यावर फक्त पुठ्ठ्याचं गोदाम होतं. थारोळ्यात ओतकामाचा धातू निघाला तर त्याला सांगावं लागेल, पुठ्ठ्याच्या गोदामात तो आला कुठून. “थोडासा तुकडा आणा,” ते म्हणाले. “आहे ना कुणाकडे?”

तिन्ही तुकडे कुठे होते ते आम्हा दोघींना माहीत होतं. खाडी, कबर आणि आमचं देवघर.

ढिगारा तर केव्हाच भरावाला गेला होता. गोराईच्या घरी मी गेले. त्या बाईंनी मला जेवायला वाढलं आणि सांगितलं, कबर परत उघडत नसतात, बाय. मी आग्रह केला नाही.

घरी आईशी भांडण झालं. मी म्हटलं दे, थोडंसंच कापतील. ती म्हणाली, “एकदा जळली. आता कापायची?”

“आई, ती त्यात नाहीये. तो धातू आहे.”

“मग ती कुठाय ते सांग. सांग ना. तुला तर सगळं लिहिता येतं.”

त्या दिवशी मावशीची मैत्रीण आली होती, तिच्याच टेबलावर काम करणारी, आगीच्या दिवशी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणून वाचलेली. ती मध्ये पडली. म्हणाली, ताई, शेगडी नव्हतीच हो. आमच्या टेबलाच्या मागे फरशीचा एक पट्टा कायम तापलेला असायचा. खाली भट्टी ना. तिथे पाय ठेवता यायचा नाही, म्हणून आम्ही गोणपाट टाकायचो. आल्या आल्या सगळ्यांचे डबे त्या पट्ट्यावर मांडायचे, जेवायच्या वेळेपर्यंत भाजी कढत. तुमची बहीण तर म्हणायची, शेठ पगार वाढवत नाही पण गॅस फुकट देतो. फ्रायडेला आम्ही पापड पण भाजलेत त्याच्यावर.

आई हसली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि लगेच तोंडावर पदर धरला.

“हे तू चौकशीच्या साहेबाला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं ना. साहेब म्हणाला, फरशी दाखव.”

आईने पदराने तोंड पुसलं. मग उठली, मेणबत्ती बाजूला केली, कापडाची गाठ सोडली आणि तुकडा माझ्या हातात दिला. काच रुतलेल्या बाजूने कापू नका म्हणाली. एवढंच.

सरांनी कॉलेजात तपासला. सिलिकॉन भरपूर निघालं, ओतकामाचंच मिश्रण. मी समितीतल्या पोरांना फोन केले, आम्ही चौकात चहा प्यायलो, जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आई आणि मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसलो. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला. उद्धट नव्हते. थकलेले होते.

“याच्यावर मेण आहे,” ते म्हणाले.

मी सांगितलं, मेणबत्ती लावतो आम्ही.

“म्हणजे हा इतके महिने तुमच्या घरी होता. ढिगाऱ्यातलाच आहे हे कशावरून? उद्या वकील म्हणेल भंगारवाल्याकडून आणला. कुणी उचलला, कधी, फोटो आहे?”

मुकादम कंत्राट संपल्यावर गावी गेला होता, त्याचा नंबर लागत नव्हता. आईने बांगडीची काच दाखवली. अधिकाऱ्यांनी ती पाहिली आणि मान खाली घातली. मग म्हणाले, दुसरा एखादा तुकडा, ज्याचा तुमच्याशी संबंध नाही, जागेवरच्या फोटोसकट, असा काही असेल तर आणा. नाहीतर अहवालात शेगडीच जाईल.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, आपणच तिला वाटून खाल्लं गं. तुकडा परत जागेवर आहे. एका कोपऱ्यातून कापलेला. आईने मेणबत्ती लावणं बंद केलंय.

इस्टेटमध्ये त्या प्लॉटला पत्रे लागलेत. शेठने पलीकडच्या गल्लीत नवा गाळा घेतला आणि मैत्रीण तिथेच कामाला लागली. मी तिला दोष दिला नाही. तिला घर आहे. साक्षीला येशील का विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघू, आणि मला कळलं.

मला आता बॉम्बवर बोलायचं नाही. ढीग किती अंशांवर होता यावर जे अजून भांडतात त्यांनी खुशाल भांडावं. तेवढ्यात माझ्या मावशीच्या नावावर एक बिल्डिंग आणि तिच्यासोबत गेलेली सगळी माणसं लिहिली जातील, आणि ते कायमचं राहील.

म्हणून तुमच्याशी बोलते. त्या आठवड्यात तुम्ही बघायला आला होतात. कांदिवलीहून, मालाडहून, गाड्या काढून आलात. मोबाइल वर धरून दोरीपाशी उभे होतात. मी तुम्हाला पाहिलंय. ट्रकमध्ये ढिगारा भरताना चमकणारे तुकडे खाली पडायचे आणि काही जण ते उचलून खिशात घालायचे, पोरांना दाखवायला, शोकेसमध्ये ठेवायला. तो तुकडा तुमच्या घरी आहे. उचलतानाचा फोटोही आहे, कारण तुम्ही फोटो काढल्याशिवाय काहीच करत नाही. अहवाल अजून गेलेला नाही. तुकडा पुसू नका, धुऊ नका, देवापुढे ठेवू नका. कपाट उघडा, तो पिशवीत घाला, फोटो असलेला मोबाइल घ्या आणि चौकशी अधिकाऱ्यांपुढे स्वतः जाऊन ठेवा. स्वतःचं नाव सांगून ठेवा.