पेढेवाल्या आजींची फुगडी

शनिवार, बारा जुलै. सकाळची शाळा. राजूरच्या आमच्या शाळेत आरोग्य तपासणीला हजर: डॉक्टर, नर्सबाई, चौथीचा वर्ग, मुख्याध्यापिका मी, आणि कुणी न बोलावता पेढेवाल्या आजी.

आजी समोर आल्या की आधी त्यांचा हात पुढे यायचा आणि हातात पेढा असायचा. "तोंड कोरडं घिऊन जाऊ नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गणपतीच्या देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान. तुमच्याही ओळखीत अशी एखादी म्हातारी असेल, जिला समोरचा माणूस कायम उपाशीच दिसतो. त्या दिवशी डॉक्टर खुर्चीत टेकायच्या आत त्यांच्या तळहातावर पेढा आला.

चौथीतली गौरी ही त्यांची नात, दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून वाढलेली. पोरी तिला 'भोपळा' म्हणायच्या. आजी उलट सुनवायच्या, "माझी गौराई भरल्या घरची हाय. तुमच्यावानी काडी न्हाई."

डॉक्टरांनी गौरीची वेणी बाजूला केली. मानेवर काळा, जाडसर पट्टा होता.

"मळ हाय तो," आजी लगबगीनं म्हणाल्या. "बेसन लावलं, घासणीनं घासलं. निघूनच न्हाई राह्यला."

"आजी, घासू नका. हा आतून आलाय. जालन्याला नेऊन रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा."

मीही सोबत गेले. लिव्हरवर चरबी निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आत्ता आवरलं तर लिव्हर सुधारतं. नाही आवरलं तर ते हळूहळू कडक होत जातं, आणि ऐन तारुण्यात साखर, बीपी, हृदयाचं दुखणं मागे लागू शकतं.

परतीच्या बसमध्ये आजी माझ्या कानाशी लागल्या. "म्याडम, लिव्हर तर पिणाऱ्याचं जातं. आमच्या घरात कुणी थेंबाला शिवलं न्हाई. लोक काय म्हणतील लेकराला?"

"दारू नाही, आजी. पेढे, खारी, पुड्यातले कुरकुरीत पदार्थ, बाटलीतलं गोड पाणी."

 राजूरला उतरताना त्या म्हणाल्या, "म्हंजी म्याच पाजली."

दुसऱ्या दिवसापासून गौरीला दुकानात बंदी. पोर रडत माझ्याकडे आली, "आजी माझ्यावर रागावली." मी दुकान गाठलं. "तिला जवळ तरी घ्या."

"घिऊ कशी? जवळ आली की हात आपोआप परातीकडं जातो."

तोड त्यांनीच काढली. संध्याकाळची आरती झाली की दुकानामागच्या फरशीवर दोघींची फुगडी. हातच नातीच्या हातात अडकलेले, मग ते परातीपर्यंत जाणार कसे? सुरुवातीला चार फेऱ्यांतच दोघींना धाप लागायची. "थांब गं माय, देऊळ फिरून राह्यलं!" आजी ओरडायच्या, आणि गौरी खिदळायची. घरात खारीच्या जागी भाकरी आली. दिवाळीपर्यंत गौरी आजींनाच दमवू लागली.

मार्गशीर्षात आजी गेल्या. दुपारी गल्ल्याला टेकून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला मी गेले. बायका गौरीला मांडीवर ओढून भरवत होत्या. "आजी गेली लेकराची, खाऊ द्या पोटभर." एक घास मामीचा, एक आत्याचा, मग "आजीच्या नावानं एक" म्हणून आणखी कुणाचा. डोळ्यांतून पाणी, तोंडात बुंदी. गौरीला नाही म्हणता येत नव्हतं. मी तिच्या आईला बाजूला घेतलं. "फेरतपासणी याच महिन्यात आहे."

"आल्यागेल्याचं उरकू द्या म्याडम, मंग बघू."

परवा संक्रांतीचा तिळगूळही वाटून झाला. घरी येणारा प्रत्येकजण अजून गौरीसाठी काहीतरी गोड घेऊन येतो. जालन्याची दुसरी सोनोग्राफी राहिलीच आहे.