पुसलेलं कबूतर

आमच्या गेंट शहरात वसंतात फोटोंचा महिना भरतो आणि तो संपेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं आमच्या लेडेबर्ग भागाच्या गल्ल्यांतून हिंडतात, आमच्या वाळत घातलेल्या चादरींपुढे गुडघे टेकतात आणि माझ्या कॅफेत एका कॉफीवर अर्धा दिवस काढतात. इथवर मी सहन करते. पण आखील डोबेलारेचं त्यांनी जे केलं, त्याला माफी नाही.

आखील सूतगिरणीतला जुना कामगार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तोंडाने इतका फटकळ की पाद्रीसुद्धा त्याला पाहून रस्ता ओलांडायचा. त्याचा जीव मात्र मागच्या अंगणातल्या ढाबळीत, शर्यतीच्या कबुतरांत. कबुतरवाल्यांचा क्लब माझ्याच कॅफेत भरतो, म्हणून मला हे सगळं ठाऊक. त्याची मुलगी मार्टीन समुद्राकाठी ऑस्टेंडला असते. तिथल्या वृद्धाश्रमात या म्हणून ती त्याच्या मागे लागली होती. तो तिला एकच सांगायचा, माझी पाखरं मला कळतात तोवर मी इथून हलत नाही.

शर्यतीच्या रविवारी गल्लीचा एक नियम असतो. ढाबळवाल्याच्या अंगणाजवळ कुणी फिरकायचं नाही, शिडी लावायची नाही, छपरावर चढायचं नाही. आखीलची बायकोसुद्धा स्वयंपाकघराचं दार लावून आत बसायची. अनोळखी माणूस दिसला की फ्रान्सहून उडत आलेलं दमलेलं पाखरूही आत शिरत नाही, आणि ते आत शिरल्याशिवाय त्याची वेळ नोंदली जात नाही. त्यामुळे ढाबळवाला खुर्ची टाकून एकटाच आकाशाकडे बघत बसतो. त्यासारखं सुख नाही, असं हे सगळे म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या बूर्जहून सुटणाऱ्या शर्यतीला आखीलने आपली सगळ्यात लाडकी मादी सोडली होती. निळी म्हणायचा तिला. ती सगळ्यांच्या आधी घरी आली आणि धुराड्यावर बसून राहिली. हा दाण्याचा डबा खुळखुळवतोय, शिट्ट्या मारतोय, आणि बाई ढिम्म. बाकीच्यांची कबुतरं आपापल्या ढाबळीत शिरली तरी निळी वरच. संध्याकाळी क्लबात सगळे त्याला हसले. आमच्या जुन्या लोकांत घरी येऊन बाहेर बसणाऱ्या पाखराला क्षमा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिची मान पिरगळली. त्यानंतर आठवडाभर तो कॅफेत आला नाही.

या वर्षी बंद गिरणीत फोटोंचं मोठं प्रदर्शन लागलं. शहरभर पोस्टरं. पोस्टरावर आखील! खुर्चीत बसलेला, तोंड वर केलेलं, आणि वर धुराडं नि रिकामं आकाश. खाली नाव: ‘कुणीच येणार नाही’. मार्टीनने ते तिकडे ऑस्टेंडच्या रेल्वे स्टेशनवरही पाहिलं आणि रडत मला फोन केला. उद्घाटनाला ती बापाला घेऊन आली, मीही गेले. तो फोटो भिंतभर लावला होता. लोक वाइनचे ग्लास धरून त्याच्यापुढे माना हलवत होते.

“पपा, तुम्ही इतके एकटे आहात, आणि मला कधी बोलला नाहीत,” मार्टीन म्हणाली.

“एकटा कसला? शर्यत होती,” आखील खेकसला.

तेवढ्यात फोटोवाला सीबे आला. तिशीचा, भडक नारिंगी जॅकेट घातलेला. त्याने आखीलचा हात धरून आभार मानले. आखीलने हात सोडवून घेतला आणि हा फोटो कुठून काढलास, असं विचारलं. सीबे अभिमानाने सांगू लागला, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या मागच्या घराच्या शेडवर चढलो होतो, तुम्हाला कळू नये म्हणून पालथा पडून होतो, फार वेळ.

“याच जॅकेटात?”

“हो. का?”

आखील फोटोजवळ गेला. धुराड्यावर बोट टेकवून उभा राहिला.

“इथे माझं पाखरू होतं.”

“होतं ना, एक कबूतर,” सीबे म्हणाला. “ते मी पुसलं. सगळ्यांची नजर तिकडेच जात होती.”

आखीलचं बोट तिथेच राहिलं. त्याचा चेहरा मी तीस वर्षं पाहतेय, तो असा कधी पडलेला नव्हता. पाखराची काही चूक नव्हती, हे त्याला कळलं होतं. मलाही कळलं.

“दुसऱ्या दिवशी मी तिला मारलं,” तो सीबेला म्हणाला. “तू तिला भिववलंस, आणि मी मारलं.”

सीबेने खिशातून फोन काढला. “हे तुम्ही परत सांगाल का? फोटोशेजारी तुमचा आवाज लावता येईल.”

मी हातातली लाल वाइन त्याच्या जॅकेटवर ओतली. चुकून नव्हे. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कारण दोघांनी त्याचेही फोटो काढले.

बाहेर येऊन आखील गाडीत बसला आणि मार्टीनला म्हणाला, शनिवारी ये, पाखरं डिन्झ गावच्या त्या कबुतरवाल्याला देऊन टाकू, मग मला घेऊन जा. ती पोर आनंदाने रडायला लागली. तिला वाटलं, फोटोने बापाला शहाणपण शिकवलं.

मी खिडकीशी वाकून त्याला झापलं. म्हटलं, त्या गाढवापायी पाखरं कशाला देतोस?

“त्याच्यापायी नाही, गोडेलीव्ह,” तो म्हणाला. “निळीने धुराड्यावरून मला सांगितलं होतं, इथे कुणीतरी आहे म्हणून. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.”