अक्षता पडल्यानंतरचा अंक

आमच्या पहिल्या नाटकाच्या तालमी पंचांग बघून ठरायच्या. नळदुर्गात हायवेच्या कडेला एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या मालकांनी हॉल वापरायला दिला होता, अट एकच होती: तिथी असेल त्या दिवशी इकडं फिरकायचं नाही. त्यामुळे सगळा गाव लग्नाच्या तिथी शोधत असताना आम्ही नाटकवाले तिथी नसलेले दिवस शोधत बसायचो. मालक फोनवर म्हणायचे, "या रविवारी तुमचंच राज्य हाय बघा, कुणाचं लग्न न्हाई." मग आदल्या लग्नाच्या फुलांचा कुजकट गोड वास असलेल्या स्टेजवर आमची तालीम चालायची.

नाटक मी लिहिलं होतं. त्याआधी एक कादंबरी लिहिली होती. शिक्षण धाराशिवच्या इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे मराठीत लिहायला मी उशिरा लागले आणि मराठीत बोलायला तर अजून घाबरते. कादंबरीबद्दल पुण्याच्या वर्तमानपत्रांत चांगलं छापून आलं. ज्यांच्यावर ती लिहिली होती, ती माणसं मात्र नळदुर्गात होती, माझ्या आत्याच्या शेजारीपाजारी. आत्याचं सासर इथलंच, लिंगायत, घरात निम्मं कानडी चालतं. तिला मी पहिली प्रत दिली. "लई झ्याक लिव्हलंयस," ती म्हणाली, "उरलेलं दिवाळीत वाचते." त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. तिनं खूण म्हणून घातलेली केसांची पिन अजून त्याच पानात आहे, आणि ते पान पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला आहे.

मला राग आला नाही. पण एकदा तरी ही माणसं माझ्या लिखाणाच्या शेवटापर्यंत पोचलेली मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. मी नाटक लिहिलं ते एवढ्यासाठीच. खुर्चीत बसलेलं माणूस मध्येच पिन लावून उठत नाही, असं मला वाटलं.

दिग्दर्शन शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका सरांकडे होतं. नवरीचं काम एक नर्स करणार होती आणि नवऱ्याच्या मामाचं काम हायवेवर पंक्चर काढणारे काका. माझ्या संहितेत कंसातल्या सूचना इंग्रजी वळणाच्या होत्या. काकांनी पहिल्याच तालमीत बोट ठेवलं.

"ताई, हितं पॉज लिव्हलंय. म्हंजे म्या काय करायचं?"

"काही करायचं नाही," सर म्हणाले. "लाइट गेल्यावर माणूस उभा राहतो तसं उभं राहायचं."

"मग लाइट कवा येणार?"

"ताई सांगतील तेव्हा."

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन सगळ्या सूचना साध्या मराठीत केल्या.

नाटकाची गोष्ट सोपी होती. पहिल्या अंकात एका घरातली लग्नाची धांदल, आणि अंकाच्या शेवटी लग्न लागतं. दुसरा अंक पंगतीत. आपल्याला हाताला धरून पहिल्या पंगतीला कुणी बसवलं नाही म्हणून नवऱ्याचा मामा रुसतो. तो जेवेना म्हणून वऱ्हाड जेवेना, वऱ्हाड जेवेना म्हणून मुलीकडचे जेवेनात. मग सकाळपासून उपाशी असलेली नवरी एकटी येऊन बसते आणि म्हणते, मला वाढा. कुणी वाढत नाही. ती उठते आणि दाराबाहेर चालायला लागते. पडदा. हा शेवट मला फार आवडायचा. आंघोळ करतानासुद्धा मी तो मनातल्या मनात बघायचे.

प्रयोगाच्या दिवशी मी सकाळीच कार्यालयात जाऊन बसले. मालकांनी नाटकानंतर जेवण ठेवलं होतं. "जेवान न्हाई म्हणलं तर कोण येतंय ओ?" असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी खरोखर हॉल भरला. आत्या पुढच्या रांगेत, नव्या इरकलीत. दारात उभा असलेला कार्यालयाचा वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता देत होता. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं रोजचं काम. मला ते इतकं गोड वाटलं की मी काही बोलले नाही.

मी पडद्याआड, हातात संहिता घेऊन, कुणाचं वाक्य अडलं तर सांगायला. पहिला अंक असा पळाला की मला पानं उलटायची आठवण राहीना. जिथं हसायला हवं तिथं लोक हसत होते, आणि जिथं मला सुचलंही नव्हतं तिथंही हसत होते. एकदा आत्याचा आवाज आला, "अगं बया, ही तर आपल्याच घरातली गोष्ट!" माझे कान तापले. पण मी इतकी खूश होते की पडद्याचं टोक मी मुठीत चुरगाळून टाकलं होतं.

मग अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं झाली. भटजी झालेल्या मुलानं "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि सगळ्या हॉलमधून ज्वारी उडाली. साउंडवाल्यानं सवयीनं लग्नाच्या बँडचं बटण दाबलं. आणि खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला.

आमच्याकडं अक्षता पडल्या की माणसं नवरा-नवरीकडं बघत थांबत नाहीत. पंगत धरायची असते. त्याच कार्यालयात, त्याच अक्षता, तोच बँड. पाय आपोआप जेवणघराकडे वळले. सरांनी माइक धरला, "मंडळी, बसून घ्या, दुसरा अंक आहे," पण बँडपुढं माइकचं काय चालणार? एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, "व्हय व्हय सर, जेवून येतो की." मी पडद्यामागून धावत बाहेर आले तर आत्या पदर खोचून दारात पोचलेली.

"आत्या, नाटक अर्धं राहिलंय!"

"अगं चल की तूपन, मागनं जागा न्हाई घावायची," असं म्हणून ती आत गेली.

हॉल रिकामा झाला. जमिनीवर लाल-पिवळी ज्वारी.

"जेवल्यावर हे लोक सरळ घरला जातेत," नर्स मुंडावळ्या सावरत म्हणाली. "लग्नात बघितलंय न्हवं आपण."

काका फेटा बांधून तयार होते. ते रिकाम्या खुर्च्यांकडं बघून म्हणाले, "आता म्या कुणावर रुसू? ह्या खुर्च्यांवर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि काकांच्या त्या बोलण्यानंच माझ्या डोक्यात लख्ख झालं. आम्ही दुसऱ्या अंकासाठी स्टेजवर खोटी पंगत मांडणार होतो. खरी पंगत भिंतीपलीकडं बसली होती.

"तिकडंच करू," मी म्हणाले. इतकं हळू की सरांनी परत विचारलं. "दुसरा अंक. जेवणघरात करू."

"आणि कुणी वाक्य विसरलं तर?"

वाढपी पाण्याचे जग घेऊन चालले होते. त्यातला एक मी घेतला. "मी पाणी वाढत फिरते. जवळ येऊन सांगते."

सरांनी टाळी वाजवली, "चला!"

जेवणघरात पट्ट्या अंथरून रांगा बसल्या होत्या, भात पडत होता. काका दारात जाऊन उभे राहिले आणि गरजले, "आमाला कुणी हाताला धरून बसवलं का? मुलीकडच्यांना मामा दिसला न्हाई का?"

"बसा की मामा, हितं जागा हाय," रांगेतला एक माणूस खरंच सरकला.

"रुसलेत वाटतं!" दुसरा म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "अरं, नाटक हाय! हितंच आलं!"

हशा पिकला, पण घास थांबले. नवरीचा बाप हात जोडत रांगांमधून फिरू लागला, मामा आणखी चढू लागले. मी वाकून, हातात जग, एकेकाच्या कानाशी जाऊन वाक्य देत होते. मला कुणी ओळखत नव्हतं, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं आणि सगळं माझंच चाललं होतं. मला गुदगुल्या झाल्यासारखं होत होतं.

"ये बाळ, पाणी दे की," एक म्हातारे ओरडले, "नुस्ती पुटपुटत काय फिरतीस?"

मी त्यांना पाणी दिलं. पुढचं वाक्य द्यायच्या घाईत निम्मं सांडलं.

मग नर्स आली. शालू, हिरवा चुडा, मुंडावळ्या. एका रिकाम्या पत्रावळीपुढं बसली. शेजारी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली एक म्हातारी होती. नर्स म्हणाली, "सकाळपासनं पोटात काही न्हाई. मला वाढा."

पलीकडं कुणीतरी काही बोलायला लागलं. म्हातारीनं मान वळवून एकच शब्द टाकला, "सुम्किर्री!" गप्प राहा, असं तिच्या कानडीत. आख्खं जेवणघर गप्प झालं. हायवेवरच्या एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. घास हातात धरून माणसं नवरीकडं बघत होती. कुणी हललं नाही.

मी जग छातीशी धरून उभी होते. हाच तो. माझा शेवट. आणि आत्या, वॉचमन, पंक्चरच्या दुकानाशेजारचे लोक, सगळे तिथं हजर होते.

ठरल्याप्रमाणे नर्स उठायला लागली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"कुठं निघालीस? बस."

तिनं वाढप्याच्या हातातला पळा घेतला आणि भात वाढला. समोरच्या बाईनं आपल्या पानातली बुंदी तिच्या पानात ओतली. तिसरी म्हणाली, "मुंडावळ्या मागं घे गं, वरणात बुडतेल."

नर्सनं माझ्याकडं बघितलं. संहितेत पुढं काही नव्हतं, फक्त दार होतं. कितीतरी महिने मी तिला त्या दारातून जाताना बघितलं होतं. मी तिच्याजवळ गेले, तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि कानात सांगितलं, "जेव."

ती जेवायला लागली. खरंच भुकेली होती. मेकअप बिघडेल म्हणून दुपारपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. काका दारात तसेच उभे. न राहवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "ताई, म्या बसू का मग?"

जेवणघर हसून हसून लवंडलं. दोघा-तिघांनी उठून त्यांना हाताला धरलं आणि नवरीच्या शेजारी बसवलं. आत्या टाळ्या वाजवत होती, उष्ट्या हातानं. एकही माणूस पंगत सोडून उठलं नाही.

तेवढ्यात दारात गलका झाला. जागा न मिळालेली दुसऱ्या पंगतीची माणसं बाहेर ताटकळत उभी होती आणि टाचा उंच करूनही त्यांना काही दिसलं नव्हतं.

"आमच्या पंगतीला न्हाई का नाटक?"

"पहिल्यापासनं करा!"

"नवरी उठवा, परत बसवा!"

नर्सनं घाईनं हात धुतला. "ताई, पोट गच्च भरलंय माझं. आता उपाशी हाय म्हणून कसं म्हणू?"

सर घामाघूम होऊन माझ्यापाशी आले. "शेवट कोणता करायचा? लिहिलेला का आत्ता झालेला?"

"तिला नुसतं 'वाढा' म्हणू दे," मी म्हणाले, या वेळी एकदाच आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पुढचं ही पंगत ठरवेल."

नवी माणसं बसायला लागली होती. मी पाण्याचा जग पुन्हा भरायला गेले, जवळजवळ पळतच.