हात दिसले पाहिजेत

माझ्या वहिनीला कोणी मुकी म्हटलं की मी त्याला दुकानाबाहेर काढते. एकदा खरंच काढलं होतं. पँटची चेन बदलायला आला होता, तशीच पँट घेऊन गेला. ऐकू येत नाही हे खरं, तिलाही आणि माझ्या दादालाही. पण मुकी? सकाळी डोळे उघडल्यापासून तिच्या हातांचा पट्टा जो सुरू होतो तो रात्री दिवा मालवेपर्यंत, आणि मग अंधारात दिसत नाही म्हणून नाइलाजाने थांबतो. मी नोकरीभर टेलिफोनच्या ऑफिसात बोलण्याचाच पगार घेतला, तरी वहिनीपुढे माझं काही चालत नाही. त्यांच्या भाषेत माझं नाव काय आहे माहीत आहे? हनुवटीखाली चार बोटं आणि अंगठा, उघडझाप, उघडझाप. म्हणजे अखंड बडबड करणारी. हे कोणी ठेवलं ते सांगायला नको.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली वहिनीचं मशीन, पुढे काउंटर, काउंटरवर मी. गिऱ्हाईक मला सांगतं, मी वहिनीला खुणांनी सांगते. मागच्या बाजूने जिना, आणि जिन्याच्या वर अर्ध्या दुकानावर पसरलेला माळा. तिथे दादाचं कापायचं मोठं टेबल. दादा वर कापणार, वहिनी खाली शिवणार, लग्न झाल्यापासून हेच. माळ्याच्या कडेला कंबरेएवढा विटांचा कठडा होता. वहिनीने खालून दोरी ओढली की वर दिवा लागायचा, दादा कठड्याशी येऊन वाकायचा, आणि मग दोघांची जुंपायची. खाली उभं असलेलं नवं गिऱ्हाईक आधी घाबरायचं आणि मग बघतच राहायचं.

मग दादाच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला कायमची बंदी घातली. काम करायचं तर खुर्चीत बसून, नाहीतर नाही. दादा बसला की कठड्याआड पुरता गडप. हात उंच केला तर खालून बोटांची टोकं तेवढी दिसायची, आणि नुसत्या टोकांनी माणूस काय बोलणार? टेबल खाली आणावं तर गिऱ्हाइकांनी उभं कुठे राहायचं. प्रत्येक शहाणा मला विचारतो, मोबाईल आहेत की, त्यावर एकमेकांना बघत बोलायला काय झालं. आहेत ना. पण एका हाताने फोन धरायचा आणि उरलेल्या एका हाताने बोलायचं, त्यात पोटभर भांडणसुद्धा होत नाही. स्टँड आणला, तर त्या चिमुकल्या चौकोनात दादाचं नाक तेवढं दिसे. वहिनीने तो स्टँड सुयांची डबी ठेवायला घेतला.

तेव्हापासून सगळी ने-आण माझ्या भाचीवर पडली. भाची म्हणजे दादाची मुलगी, एकुलती एक. तिला ऐकू येतं, आणि आईबापांची भाषा ती तोंडाने बोलायच्या आधी शिकलेली. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहिलं की खालची आई दिसते आणि वरचा बापही, म्हणून ती पायरी तिची. कॉलर कुठे ठेवलीय ते विचार, डोळ्यांसमोर आहे म्हणून सांग, असं दिवसभर. दोघांची भांडणंसुद्धा तिच्याच हातून जायची. टोमणे ती इमानदारीने पोचवायची, वर रागावलेला चेहराही करून दाखवायची, कारण या भाषेत चेहरा नसेल तर अर्धं बोलणं गळून पडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगी शिकली, ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्याचा कोर्सही केला. आणि एका दूरच्या शाळेतून फोन आला की या, महिनाअखेरपर्यंत कळवा. तिचा चेहरा असा काही उजळला होता म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, आत्या, मी नाही म्हणून कळवणार आहे. मी कारण विचारलं तर जिन्याकडे बघितलं, बस्स.

मी वहिनीला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. जिला कान नाहीत तिच्या नजरेतून काय सुटतं? ती पोरीशी वाद घालत बसली नाही. लोखंडी फूटपट्टी घेऊन वर गेली, कठड्यावर ठणठण आपटली आणि दादाला म्हणाली, हा फोडायचा, इथे काच लावायची. पोरीला कारण सांगितलं, दुकानात उजेड नाही. मला एकटीला गाठून खरं काय ते सांगितलं. तिचे हात त्या वेळी अगदी सावकाश चालले होते.

"ती त्या पायरीवर म्हातारी होईल," वहिनी म्हणाली.

कठडा आधी फोडला आणि काचवाल्याला नंतर बोलावलं, असे आम्ही हुशार. माळ्याच्या कडेला आडवी दोरी बांधून दादाला मागे बसवला आणि मग निवड सुरू झाली. काचवाला मोठा उत्साही माणूस. पिशवीतून काचेचे तुकडे काढून काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले. साधी, करडी, हिरवट, आणि दुधी काचेवर फुलांची नक्षी. मला ती दुधी जी आवडली म्हणता. एक तर दिसायला खानदानी, आणि दुसरं म्हणजे दादाच्या टेबलाखालचा चिंध्यांचा ढीग आणि उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीतले त्याचे पाय गिऱ्हाइकांनी का बघावेत? मी हट्टालाच पेटले. मी म्हटलं, घरात माझ्या मताला काही किंमत आहे की नाही.

वहिनीने तो दुधी तुकडा उचलला, आपल्या हातांच्या पुढे धरायला काचवाल्याला दिला आणि त्याच्या मागे माझ्याशी बराच वेळ काहीतरी बोलली. मला नुसत्या हलत्या सावल्या दिसल्या, मधे एक फूल. मी विचारलं, काय म्हणालीस? तिने काच बाजूला करायला लावली.

"तुला शिव्या दिल्या," म्हणाली.

काचवाल्याला अर्थ कळला नाही, पण माझं तोंड बघून तो हसू दाबत होता. दुधी काच गेली. करडीही गेली, कारण तिच्यातून दादा आजारी दिसत होता. हिरवटीचं तर नावच काढू नका.

मग खांबांचा प्रश्न. काचवाला म्हणाला, दर दोन-तीन फुटांवर स्टीलचा खांब, मधे काच पकडायची, एकदम भक्कम. वहिनीने फूटपट्टी उभी धरून तिच्या मागे दादाला बोलायला लावलं. खुर्ची जरा सरकली की अर्धा हात खांबाआड. खांब नको. तर म्हणाला, दुसरी पद्धत आहे, खाली जमिनीलगत चॅनल बसवायचं, त्या खाचेत काच उभी, खांब अजिबात नाही, पण वर हाताला धरायला एक पाइप लागेलच. मी वर जाऊन झाडूचा दांडा दादापुढे आडवा धरला. खालून वहिनीने बघितलं तर दादाचा चेहरा दांड्याच्या वर, हात दांड्याच्या खाली आणि नाक दांड्यावर टांगलेलं. वहिनी इतकी हसली की खुर्चीत बसली. मग डोळे पुसून मान हलवली, पाइप नको. चेहरा आणि हात एकत्र पाहिजेत.

काचवाल्याने कपाळाला हात लावला. मला म्हणाला, ताई, यांना नक्की हवंय काय? मी सांगितलं, यांना नवऱ्याशी बोलायचंय. त्याने टेप काढला आणि मापं घ्यायला लागला. जाड काच सुचवली, दोन थर एकमेकांना चिकटवलेले, तडा गेला तरी जागची ढासळत नाही, मग वरच्या पाइपाशिवाय भागतं. पाइप जिन्याच्या भिंतीला लावू, दादांना चढता-उतरताना धरायला. वहिनीने त्याला आपल्या हाताने बटण लावून दिलं, त्याच्या शर्टाचं तुटलेलं होतं ते. पसंती कळवायची तिची ही पद्धत आहे.

काच बसली तो महिन्याच्या अखेरचा दिवस होता. पोरीने शाळेला अजून काहीच कळवलं नव्हतं. संध्याकाळी कामकरी गेले, मी काच पुसून लख्ख केली, दादा वर खुर्चीत जाऊन बसला. दुकानात अंधारायला लागलं म्हणून मी ट्यूब लावली. वहिनीने केस सारखे केले, हो, खरंच केले, आणि दोरी ओढली. वर दिवा लागला. तिने मान वर केली.

काचेत ट्यूब दिसत होती. पांढरीफटक, लांबच्या लांब. तिच्याखाली वहिनीचं मशीन, काउंटर, मी, आणि मान वर करून बघणारी वहिनी स्वतः. दादाचा पत्ता नाही. वहिनी डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, हात हलवला, तर काचेतल्या वहिनीनेही हलवला. वरून मात्र दादाला उजेडातली वहिनी छान दिसत असणार, त्यामुळे तो बिचारा आपला बोलतच होता. पोरगी सवयीने मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि आईकडे वळून तिने हात उचलले, बाबा म्हणतात की...

वहिनीने डोळे मिटून घेतले. आमच्या घरात डोळे मिटणं म्हणजे कानांवर हात ठेवणं. दोन्ही हात मांडीवर टाकले आणि तशीच बसली. तिचे हात असे निपचित पडलेले मी त्याआधी एकदाच पाहिले होते, दादाच्या ऑपरेशनच्या वेळी, दवाखान्याच्या बाकावर. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काचवाल्याला फोन करून फैलावर घ्यावं असं वाटलं, पण त्या गरिबाचा काय दोष. तेवढ्यात रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघायला लागली. माझ्या वहिनीचं रडणं म्हणजे काय तमाशा आहे? मी तरातरा गेले आणि ट्यूबचं बटण खटकन बंद केलं.

खाली अंधार झाला. मशीनचा छोटा दिवा तेवढा वहिनीच्या हातांवर राहिला. आणि मी वर बघितलं तर दादा. दोरीने लागलेला दिवा त्याच्या डोक्यावर जळत होता आणि त्याच्याखाली दादा अख्खा बसला होता, टक्कल, चष्मा, गळ्यात टेप, बोटांना खडू, सगळं. काच म्हणून काही मधे आहे असं वाटेचना. मी वहिनीचा खांदा गदागदा हलवला. तिने डोळे उघडले.

"किती वेळ विचारतोय," दादाचे हात म्हणत होते, "चहा मिळणार आहे की नाही?"

वहिनीने आधी नाक पुसलं. मग जी सुटली. इथे माझा जीव जातोय आणि तुला चहा सुचतोय, ती निळी पँट आखूड कापलीस त्याचं काय, मागच्या आठवड्यातली कॉलर अजून दिली नाहीस. दादा म्हणाला, पँट बरोबर आहे, गिऱ्हाईकच लांब आहे. ती म्हणाली, तुझं डोकं लांब आहे. कितीतरी महिन्यांचं साचलेलं होतं दोघांचं. मशीनच्या दिव्यात तिची बोटं, वरच्या दिव्यात त्याची, कोणी थांबायला तयार नाही. मधेच दोघांनी हनुवटीखाली उघडझाप केली, म्हणजे माझ्यावरही घसरले होते. मला इतकं बरं वाटत होतं की शिव्यासुद्धा गोड लागत होत्या.

पोरगी मधल्या पायरीवर तशीच उभी होती. हात अर्धवट उचललेले, नजर एकदा वर एकदा खाली, कोणीतरी आपल्याला काहीतरी पोचवायला सांगेल म्हणून. कोणी सांगितलं नाही. कोणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हळूहळू तिचे हात खाली आले. चेहरा असा झाला की हसावं की रडावं तिलाच कळेना. आणि मग भांडणाच्या ऐन मध्यात वहिनीने दादाला एक बोट दाखवून थांबवलं, जिन्याकडे वळली आणि पोरीला म्हणाली,

"तू अजून इथेच?"

पोरगी मटकन पायरीवर बसली. मग तिथेच बसून तिने शाळेच्या बाईंना फोन लावला. हो म्हणताना तिचा आवाज फुटेना. नोकरीभराची सवय माझी, मी खालून म्हटलं, अगं मोठ्याने बोल, आमच्याकडे ऐकू येत नाही पण त्यांच्याकडे येतं. तेव्हा हसली, आणि मोठ्याने म्हणाली, हो, येते मी.

वहिनीने ते तिच्या ओठांवर वाचलं आणि लगेच मान खाली घालून मशीन सुरू केलं, सुईत दोरा नसताना. वर दादा चष्मा काढून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. दुधी काच असती तर ते दिसलं नसतं.